माथ्यावरचं पाणी: इंग्लंडच्या कालव्यात नॅरोबोट डोंगर कशी चढते आणि उन्हाळ्यात का अडते

२०२५ चा वसंत इंग्लंडमध्ये शंभरहून अधिक वर्षांतला सर्वांत कोरडा ठरला. पाठोपाठ आलेला उन्हाळा ब्रिटनच्या नोंदींमधला सर्वांत उष्ण होता. त्या हंगामात उत्तर इंग्लंडमधल्या लीड्स-लिव्हरपूल, मॅकल्सफील्ड, पीक फॉरेस्ट अशा कालव्यांवर लांबच लांब पट्ट्यांत बोटींची ये-जा बंद ठेवावी लागली. सुट्टीसाठी महिनोन्महिने आधी भाड्याने ठरवलेल्या बोटी जागच्या जागी राहिल्या.

इंग्लंड आणि पाण्याची टंचाई ही जोडी आपल्या डोक्यात चटकन बसत नाही. त्यात बातमीसोबतच्या फोटोंमध्ये कालव्यात पाणी दिसतं, बोटीही तरंगताना दिसतात. मग अडलं काय? याचं उत्तर कळलं की त्या लांबट, रंगीत बोटींची, म्हणजे नॅरोबोटींची, सगळी व्यवस्था कळते. साउथॉल, हेझ, मिल्टन कीन्स किंवा बर्मिंगहॅमकडे राहणाऱ्या मराठी मंडळींच्या घराजवळून असा एखादा कालवा जातोच. भारतातून आलेले आई-वडील संध्याकाळी त्याच्या काठाने फिरायला जातात आणि हाच प्रश्न विचारतात: हे पाणी कुठून येतं आणि कुठे जातं?

आपला कालवा वाहतो, त्यांचा थांबतो

आपल्याकडे कालवा म्हटलं की मुठा उजवा कालवा किंवा नीरा डावा कालवा आठवतो. धरणातून आवर्तन सुटतं, पाणी उताराने धावतं, चाऱ्या-पोटचाऱ्यांतून रानात पोहोचतं. पाणी वाहिलं नाही तर कालवा काय कामाचा?

इंग्लंडमधले जुने कालवे मात्र पाणी नेण्यासाठी नव्हे, माल नेण्यासाठी खोदले गेले. पाणी वाहायला लागलं तर बोट एका दिशेला ओढली जाईल आणि दुसऱ्या दिशेला जाताना काठावरून ती ओढणाऱ्या घोड्याची दमछाक होईल. म्हणून कालव्याचा प्रत्येक टप्पा जवळजवळ सपाट ठेवलेला असतो, पाणी तिथे जवळपास उभं असतं. तळ आणि बाजू चिकणमातीने लिंपलेल्या. ही माती पाणी घालून तुडवून तुडवून इतकी घट्ट करत, की त्यातून पाणी झिरपणं जवळपास थांबे.

सुरुवात कोळशापासून झाली. ड्यूक ऑफ ब्रिजवॉटर यांच्या खाणी मँचेस्टरजवळ वर्स्ली इथे होत्या. जेम्स ब्रिंडली या अभियंत्याच्या मदतीने त्यांनी कालवा खोदून घेतला. १७६१ मध्ये त्यावरून कोळसा जाऊ लागला आणि मँचेस्टरमधला कोळशाचा भाव निम्म्यावर आला. त्या काळच्या रस्त्यांवर एक घोडा गाडीतून जेमतेम टन-दोन टन माल ओढायचा. तोच घोडा काठाच्या पायवाटेवरून चालत दोराने पंचवीस टनांची बोट ओढू शके. चिनी मातीची भांडी बनवणाऱ्या जोसाया वेजवुड यांना यात आणखी एक फायदा दिसला. खड्ड्यांतून आदळत जाणाऱ्या गाडीत भांडी फुटतात, पाण्यावर फुटत नाहीत. ट्रेंट-मर्सी कालव्याचा पहिला फावडा १७६६ मध्ये त्यांनीच मारला.

बोट एवढी अरुंद का?

नॅरोबोट पहिल्यांदा पाहणारा हमखास विचारतो, की पाण्यावर जागा असताना बोट एवढी चिंचोळी कशाला? साधारण ६ फूट १० इंच रुंद आणि लांबी ७० फुटांपर्यंत. आत शिरलं की एका बाजूने जेमतेम एका माणसाला चालता येईल एवढी वाट, आणि एकामागे एक स्वयंपाकघर, बैठक, न्हाणी, झोपायची जागा.

हे माप ब्रिंडलींनी ट्रेंट-मर्सी कालव्यावरच्या लॉकसाठी ठरवलं. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला, बोटीला वर-खाली करणारा बांधीव हौद. हौद सुमारे ७२ फूट लांब आणि ७ फूट रुंद ठेवला, तर बांधकाम कमी, बोगदे लहान, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे पाणी कमी. मिडलँड्समधल्या, म्हणजे मध्य इंग्लंडमधल्या, इतर कालव्यांनी तेच माप उचललं, कारण एका कालव्यातली बोट दुसऱ्यात जायला हवी. अडीचशे वर्षांनंतर आज सुट्टीसाठी बांधलेली नवी बोटसुद्धा त्याच मापाची असते. सगळेच कालवे असे अरुंद नाहीत. ग्रँड युनियनच्या किंवा केनेट-एव्हनच्या लॉकमध्ये दोन नॅरोबोटी शेजारी शेजारी मावतात.

लॉकमधून जाताना नेमकं काय घडतं

समजा आपल्याला वर चढायचं आहे. बोट रिकाम्या लॉकमध्ये शिरते. दोन्ही बाजूंना ओल्या विटांच्या उंच भिंती, त्यांवर शेवाळ, फटींतून उगवलेली नेचं. मागची दारं बंद होतात. सोबतचा माणूस आधीच काठावर उतरलेला असतो. त्याच्या हातात काटकोनात वाकवलेलं लोखंडी हँडल असतं, त्याला विंडलस म्हणतात. दाराजवळच्या दांड्यावर ते बसवून फिरवलं की पाण्याखालची झडप उचलली जाते. दातेरी पट्टीवर खटका पडत जातो, टक्-टक्-टक्, आणि वरच्या टप्प्यातलं पाणी जमिनीखालच्या मार्गाने लॉकमध्ये येऊ लागतं. इंजिन नाही, पंप नाही, वीज नाही. पाणी आपल्या वजनाने खाली येतं आणि वीस टनांच्या आसपासची बोट उचलतं.

लॉक भरलं की वरचं दार उघडायचं. दाराला जोडलेला जाडजूड लाकडी तुळईसारखा दांडा काळा, आणि टोकाशी पांढरा रंगवलेला असतो. त्याला पाठ लावून ढकलायचं. जमिनीवर अर्धवर्तुळात उंचावलेल्या विटांच्या ओळी असतात, पाय घसरू नये म्हणून. आत आणि बाहेर पाण्याची पातळी एक झाल्याशिवाय दार हलत नाही. चार इंचांचा फरक असेल तर चार धट्टेकट्टे लोक लावूनही उपयोग नाही, आणि पातळी जुळली की तेच दार एकटं माणूस सरकवतं. इथे घाई चालतच नाही, आणि या प्रवासाचा स्वभाव मला तरी त्या दाराशीच पहिल्यांदा कळतो.

खाली उतरताना हेच उलट. फरक एकच, आणि तो जिवावरचा आहे. वरच्या दाराच्या पायथ्याशी पाण्याखाली दगडी कट्टा असतो. लॉक भरलेलं असताना तो दिसत नाही. बोट फार मागे उभी राहिली तर पाणी उतरताना तिचा मागचा भाग त्या कट्ट्यावर अडकतो, पुढचा भाग खाली जात राहतो, आणि बोट बुडू शकते. म्हणून काठावर पांढरी रेघ मारलेली असते. बोटीचं मागचं टोक त्या रेघेच्या पुढेच ठेवायचं आणि झडप सोडणाऱ्याने नजर बोटीवरून काढायची नाही.

एका बोटीमागे दहा टँकर

आता मूळ प्रश्न. अरुंद लॉकचं माप घेऊ: ७२ फूट लांब, ७ फूट रुंद, आणि चढ ७ फुटांचा धरू. हिशेब साडेतीन हजार घनफुटांच्या आसपास जातो, म्हणजे साधारण एक लाख लिटर. आपल्याकडे दुष्काळी गावात येणारा दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांपुढे आणा, असे दहा टँकर. एका बोटीने एक लॉक एकदा ओलांडलं की एवढं पाणी वरच्या टप्प्यातून खालच्या टप्प्यात जातं. बोट चढत असो की उतरत असो, पाणी मात्र नेहमी उतरतंच.

बहुतेक कालवे एका खोऱ्यातून चढून दुसऱ्या खोऱ्यात उतरतात. मधला सर्वांत उंच टप्पा म्हणजे कालव्याचा माथा. बोट चढताना शेवटचं लॉक माथ्याच्या पाण्याने भरतं. पलीकडे उतरताना पहिलं लॉकही माथ्याच्याच पाण्याने. म्हणजे माथा ओलांडणाऱ्या प्रत्येक बोटीमागे दोन लॉकभर, जवळपास दोन लाख लिटर पाणी माथ्यावरून जातं. उन्हाळ्यात दिवसाला वीस-तीस बोटी जातात. माथा उंचावर असल्यामुळे तिथे मोठी नदी नसते, असतात ते पावसाने भरणारे जलाशय. ते आटले की खालच्या टप्प्यांत पाणी चमकत असलं तरी लॉकना कुलूप लावावं लागतं, कारण माथा रिकामा झाला तर बोटी चिखलात टेकतील आणि मातीचा लेप वाळून तडकेल. मग पाऊस आला तरी गळती थांबणार नाही.

२०२३ मध्ये पनामा कालव्याच्या बातम्या आल्या होत्या, त्यांचं कारणही हेच. तिथे गाटुन सरोवर म्हणजे माथा. पाऊस कमी पडला, सरोवर खाली गेलं, आणि एरवी दिवसाला छत्तीसच्या आसपास जाणारी जहाजं दोन डझनांवर आणावी लागली. जहाज कितीही मोठं झालं तरी तत्त्व त्या सात फुटी हौदाचंच.

नॅप्टन ते ऑक्सफर्ड: एक आठवडा

हे सगळं एका प्रवासात पाहायचं तर मी ऑक्सफर्ड कालव्याचा दक्षिण भाग सुचवीन. वॉरिकशरमधल्या नॅप्टनपासून ऑक्सफर्ड शहरापर्यंत हे अंतर सुमारे ८० किलोमीटर म्हणजे ५० मैल आहे, आणि वाटेत चाळीसच्या आसपास लॉक. कालव्यावरच्या लोकांचा एक साधा हिशेब आहे: मैल आणि लॉक यांची बेरीज करायची आणि तिला तीनने भागायचं, म्हणजे तास मिळतात. इथे उत्तर तीस तासांच्या जवळ येतं. रोज चार-पाच तास चाललात तर सहा-सात दिवस. मोटारीने हेच अंतर तासाभराचं.

या कालव्याला संसदेची मंजुरी १७६९ मध्ये मिळाली. काम ब्रिंडलींनी सुरू केलं, १७७२ मध्ये ते वारले आणि त्यांचे मेहुणे सॅम्युएल सिमकॉक यांच्या हातात सूत्रं आली. पैसे संपत गेले, काम रखडलं, आणि बोटी ऑक्सफर्डला पोहोचायला १७९० उजाडलं.

नॅप्टनला टेकडीवर पवनचक्की आहे. कालवा त्या टेकडीला वळसा घालतो, त्यामुळे बराच वेळ चालूनही चक्की कधी डावीकडे, कधी पाठीमागे दिसत राहते. मग ओळीने नऊ लॉक. इथल्या शेतांत म्हशी पाळल्या जातात. इंग्लंडच्या हिरव्या कुरणात, लॉकच्या शेजारी, कान हलवत उभी म्हैस पाहून मराठी माणूस विंडलस फिरवायचा थांबला नाही तरच नवल.

नऊ लॉक चढलं की आपण माथ्यावर. पुढे क्लेडनपर्यंत ११ मैल एकही लॉक नाही. पण हे ११ मैल सरळ नाहीत. ब्रिंडलींच्या काळात डोंगर कापणं, भराव घालणं परवडत नसे, म्हणून एकाच उंचीची रेषा धरून कालवा टेकड्यांभोवती फिरवत नेला जाई. वर्मलेटनला तर कालवा टेकडीच्या तीन बाजूंनी जातो. समोरच्या शेतापलीकडे एक बोट उलट्या दिशेने जाताना दिसते, आणि थोड्या वेळाने कळतं, की ती आपल्याच पुढे आहे. उत्तरेकडचा भाग रेल्वेच्या भीतीने १८३० च्या दशकात सरळ करून घेतला. दक्षिणेचा तसाच राहिला, हे आपलं भाग्य. या माथ्याला बॉडिंग्टन, क्लॅटरकोट आणि वर्मलेटन इथले जलाशय पाणी पुरवतात. बोटीतून ते फारसे दिसत नाहीत. नकाशात मात्र आधी शोधून ठेवावेत, कारण आपण चालतोय ते त्यांच्या जिवावर.

क्लेडनपासून उतार. क्रॉप्रेडीनंतर बॅनबरी येतं. तिथे टूली यांचं बोटदुरुस्तीचं आवार आहे, १७९० पासूनचं, आणि त्याच्याभोवती आता खरेदीचं मोठं संकुल उभं आहे. बोट बांधून चार पावलांवर भाजी, दूध, ब्रेड मिळतं. त्यापुढे एम-४० महामार्गाचा आवाज काही ठिकाणी चांगलाच जवळ येतो. माहितीपत्रकातले फोटो हा आवाज दाखवत नाहीत, म्हणून सांगितलं.

लाकडी उचल-पूल ही या भागाची खूण. शेतकऱ्याला पलीकडच्या रानात जाता यावं म्हणून बांधलेले, दोन तिरक्या तुळयांच्या वजनाने तोल साधणारे. बरेचसे उघडेच ठेवलेले असतात. बंद असेल तर एकाने तुळई ओढून खाली आणायची आणि बोट जाईपर्यंत तिच्यावर बसून राहायचं.

किंग्ज सटनच्या चर्चचा उंच कळस मागे टाकला, की आयनो वेअर नावाचं एक विचित्र लॉक लागतं. इतर लॉक लांबट, हे मात्र मधे फुगलेलं, शंकरपाळ्याच्या आकाराचं. उतार जेमतेम फूटभर. एवढ्याशा उतारासाठी एवढं रुंद बांधकाम का? पुढचं लॉक पाहिलं की उलगडतं. ते आहे सॉमर्टन डीप, १२ फूट खोल. त्यातून एक बोट गेली की बारा फुटांचं पाणी खाली जातं, आणि वरच्या टप्प्यात नेहमीच्या आकाराच्या फूटभर लॉकमधून आलं असतं फक्त त्याचा बारावा हिस्सा. दोहोंमधला टप्पा हळूहळू रिता झाला असता. म्हणून आयनोचं लॉक रुंद केलं, की प्रत्येक वेळी शेजारच्या चेरवेल नदीचं जास्त पाणी खाली यावं. दोनशे तीस वर्षांपूर्वीचा पाण्याचा ताळेबंद विटांत बांधलेला पाहायचा तर तो इथे. सॉमर्टनच्या तळाशी बोट पोहोचली की वर आकाशाची फक्त एक चिंचोळी पट्टी उरते आणि दाराच्या फटींतून येणारे पाण्याचे तुषार गार लागतात.

त्यानंतर हेफर्ड. इथे रेल्वे स्थानक कालव्याला अगदी लागून आहे. अर्धाच प्रवास करून परतणाऱ्यांची सोय. शिप्टनला आणखी एक फुगीर लॉक, थोडं अंतर चेरवेल नदीतूनच, आणि शेवटी ऑक्सफर्ड.

"ताशी सहा किलोमीटर? चालत गेलो तर?"

चालत खरंच लवकर पोहोचाल. कमाल मर्यादा ताशी ४ मैल, म्हणजे साडेसहा किलोमीटरच्या आत, आणि काठाला बांधलेल्या बोटींजवळून जाताना त्याहूनही हळू. हा निव्वळ नियम नाही. कालवा उथळ आणि अरुंद असतो. बोट पुढे जायला तिच्यापुढचं पाणी बाजूंनी आणि खालून मागे जावं लागतं. वेग वाढवला तर त्या पाण्याला वाट पुरत नाही, मागचा भाग खाली बसतो, मागे लाट उठते, डिझेल जळतं आणि वेग तेवढाच राहतो. ती लाट काठावर आपटून माती खाते, काठालगत घरटं केलेल्या पक्ष्यांचं नुकसान करते आणि दुसऱ्या बोटीच्या काठावर ठोकलेल्या मेखा उपटते.

बोट चालवायला सुट्टीवर आलेल्याला परवाना लागत नाही. भाड्याने देणारी मंडळी निघताना शिकवतात. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते, हे पहिल्या तासात अंगवळणी पडतं. बोट मधल्या बिंदूभोवती फिरते हे मात्र जरा उशिरा कळतं. पुढचं टोक उजवीकडे गेलं की मागचं डावीकडे जातं, आणि काठाची झुडपं मागे उभ्या असलेल्याच्या तोंडावर येतात. समोरून बोट आली तर आपण उजवीकडे राहायचं.

"पाणी कमी पडतं तर पंपाने परत वर का चढवत नाहीत?"

चढवतात. विल्टशरमधल्या क्रॉफ्टनला केनेट-एव्हन कालव्याच्या माथ्याला पाणी देण्यासाठी बसवलेलं १८१२ चं वाफेचं इंजिन आजही चालू स्थितीत आहे. एरवीचं काम आता विजेचे पंप करतात. त्याच कालव्यावर डिव्हायझेसजवळ केन हिलला २९ लॉकची माळ आहे आणि तिथेही खालचं पाणी वर नेणारे पंप आहेत. पण एक लाख लिटर म्हणजे शंभर टन पाणी. ते प्रत्येक बोटीमागे डोंगरावर चढवायचं तर विजेचं बिल कोण भरणार? शिवाय बाष्पीभवन आणि गळती पंपाने भरून येत नाही. त्यासाठी नवं पाणी लागतं, आणि उन्हाळ्यात नद्यांतून ते उचलण्यावर मर्यादा असतात.

"मग माल का नेत नाहीत यातून?"

कारण माप. नॅरोबोटीत पंचवीस-तीस टन माल मावतो, आणि आजच्या ट्रकला ब्रिटनमध्ये मालासह ४४ टनांपर्यंत परवानगी आहे. तोही दिवसात देश ओलांडतो. लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे १८३० मध्ये सुरू झाली आणि कालव्यांचे दर कोसळू लागले. काठावर घर ठेवणं परवडेना म्हणून नावाड्यांनी बायकामुलांना बोटीवरच आणलं. मागच्या बाजूच्या आठ-दहा फुटी खोलीत अख्खं कुटुंब. त्या खोल्यांच्या दारांवर, पाण्याच्या डब्यांवर रंगवलेले गुलाब आणि किल्ले आज सजावट म्हणून विकले जातात. मुळात तो त्या कुटुंबांचा संसार होता. जुन्या पुलांच्या कडेला लावलेल्या लोखंडी पट्ट्यांत घोड्याच्या दोरांनी पाडलेल्या खाचा अजून आहेत. बोट थांबवून त्यांत हाताचं बोट घालून पाहा, आत सहज जातं.

"बोटीवरच राहिलं तर घरभाडं वाचेल?"

लंडनमधली भाडी पाहून हा विचार पुष्कळांनी केला आहे. कायम जागा नसलेल्या बोटीला १९९५ च्या कायद्यानुसार साधारणपणे १४ दिवसांपेक्षा जास्त एका ठिकाणी थांबता येत नाही. सतत पुढे जावं लागतं. परवाना शुल्क, विमा, दर काही वर्षांनी सुरक्षा तपासणी, बोट पाण्याबाहेर काढून तळाला रंग, पाणी भरायला नळ शोधणं, संडासाची टाकी रिकामी करायला ठरलेल्या ठिकाणी नेणं, हिवाळ्यात कोळशाची शेगडी. नोकरी आणि मुलांची शाळा सांभाळून हे करणारी कुटुंबं आहेत. स्वस्त म्हणून ते सोपं समजू नये.

हे सगळं कोणाच्या पैशावर?

दुसऱ्या महायुद्धानंतर बहुतेक कालव्यांची अवस्था गाळाने भरलेल्या गटारांसारखी होती. १९४६ मध्ये रॉबर्ट एकमन आणि टॉम रोल्ट यांनी अंतर्गत जलमार्गांसाठी संघटना उभी केली. १९४८ मध्ये कालवे सरकारच्या मालकीचे झाले, पण सरकारला त्यांतले कित्येक बंदच करायचे होते. सुट्टीच्या दिवशी फावडी घेऊन आलेल्या स्वयंसेवकांनी गाळ काढला, दारं बसवली, न्यायालयांत आणि संसदेत भांडण केलं. केनेट-एव्हन कालवा पूर्ण लांबीत पुन्हा उघडायला १९९० उजाडलं. आजही लॉकवर मदतीला येणारी निळ्या कपड्यांतली वयस्कर माणसं बहुधा विनामूल्य काम करत असतात.

२०१२ पासून इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे ३,२०० किलोमीटर जलमार्ग ‘कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट’ ही धर्मादाय संस्था सांभाळते. त्यांना पाणी पुरवणारे सत्तरहून अधिक जलाशय तिच्याचकडे आहेत, आणि त्यांतले बरेचसे दोनशे वर्षांचे. २०२७ ते २०३७ या दहा वर्षांसाठी सरकारने ४० कोटी पौंडांच्या आसपास अनुदान जाहीर केलं आहे, पण ते दरवर्षी घटत जाणार आहे. जलाशयाचा बांध जुना होत जातो, पाऊस लहरी होत जातो, आणि अनुदान मात्र कमी होत जातं. हे गणित मला अस्वस्थ करतं. बांध सुरक्षित ठेवण्यासाठी पाण्याची पातळी कमी ठेवावी लागली तर उन्हाळ्याचा साठा आधीच कमी होतो, आणि बोटी आणखी लवकर अडतात.

जास्त पाणीही घातकच. १ जानेवारी २०२५ ला अतिवृष्टीत ब्रिजवॉटर कालव्याचा काठ चेशरमधल्या लिटल बॉलिंग्टनजवळ फुटला आणि पाणी आसपासच्या शेतांत शिरलं. हा कालवा ट्रस्टचा नाही, खासगी मालकीचा आहे. ज्या कालव्याने हे सगळं सुरू केलं तोच मधोमध तुटला. मातीचा भराव एका रात्रीत जातो, पुन्हा बांधायला वर्षं आणि लाखो पौंड लागतात.

जायचंच असेल तर

मे-जून हा काळ उत्तम. दिवस मोठे, रात्री नऊनंतरही उजेड, आणि जलाशयांत हिवाळ्याचं पाणी शिल्लक. ऑगस्टमध्ये शाळांच्या सुट्ट्यांमुळे भाडं सर्वाधिक असतं. उन्हाळ्यात लहान बोटीचंही आठवड्याचं भाडं हजार पौंडांच्या वर जातं, मात्र त्यात राहणं येतं आणि चौघांत वाटलं तर हॉटेलपेक्षा महाग पडत नाही. गॅसची शेगडी, छोटा फ्रिज असतो. कांदेपोहे, खिचडी, चहा आरामात होतो. पाण्याची टाकी रोज भरली तर आंघोळीची चणचण भासत नाही.

नोंदणी करण्याआधी त्या कालव्याचा माथा कुठे आहे आणि त्याला पाणी कुठून येतं हे विचारा. निघण्याच्या आठवड्यात ट्रस्टच्या संकेतस्थळावर बंद लॉकची यादी पाहा. कोरड्या वर्षी काही लॉक ठरावीक तासांतच उघडतात, त्याप्रमाणे दिवस आखा. आणि लॉकशी पोहोचल्यावर ते तुमच्या विरुद्ध पातळीवर असेल, समोरून बोट येताना दिसत असेल, तर ते आपल्यासाठी भरून किंवा रिकामं करून घेण्याची घाई करू नका. ती बोट आधी जाऊ द्या. तिने वापरलेल्या लॉकमध्येच तुम्ही शिराल, आणि माथ्यावरचे दहा टँकर वाचतील.